पिसाळलं की आजारी पडलं?

आमच्या लोहाऱ्यात कुत्र्याला एकच आजार होतो, असं लोकांचं ठाम मत आहे. तो म्हणजे पिसाळणं. कुत्रं उलट्या करायला लागलं, पिसाळलं. नाकाडोळ्यांतून पाणी गळतंय, पिसाळलं. पाय ओढत चालतंय, भाकरी टाकली तर तोंड लावत नाही, मग तर पिसाळलंच म्हणून समजा! एकदा हा शिक्का बसला, की पोरं दगड गोळा करतात आणि मोठी माणसं काठ्या शोधायला लागतात. आणि खरोखर पिसाळलेलं कुत्रं मात्र पुष्कळदा यांतलं काहीच करत नाही. ते कुठंतरी आडोशाला गप पडून राहतं आणि लेकरं खुशाल त्याच्याजवळ जाऊन बसतात.

मी काही जनावरांची डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेली, घर सांभाळून अर्धा दिवस शाळेत मराठी शिकवणारी बाई. कुत्र्यांच्या रोगांशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण गेल्या दिवाळीत आमच्या मागच्या मोकळ्या जागेत, तुराट्यांच्या गंजीखाली, गल्लीतल्या कुत्रीनं पाच पिल्लं घातली, आणि आमच्या धाकटीनं त्यांचा सगळा संसार अंगावर घेतला. सासूबाई बाळंतिणीला म्हणून कुत्रीला रोज भाकरीचा काला घालायच्या. एक पिल्लू कुणीतरी शेतावर राखणीला नेलं. चार राहिली. चांगली गुबगुबीत झाली होती.

पिल्लं दीड-पावणेदोन महिन्यांची असतील. एका सकाळी त्यांतलं एक दूध प्यायला उठलं नाही. दुपारी उलट्या सुरू झाल्या, पिवळट, फेसाळ. संध्याकाळपर्यंत रक्ताची हगवण, आणि तिला असा वास की गंजीपाशी उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी दुसरं, मग तिसरं. गल्लीत ताबडतोब निकाल लागला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाई, पिसाळली ती. लेकरांना घरात घ्या, अन् कुणाला तरी सांगून त्यांचा बंदोबस्त करा." धाकटी रडून लाल झालेली. ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही एक पिल्लू खोक्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांचा सगळा दिवस गायी-म्हशींत जातो, पण त्यांनी खोक्यात नुसतं डोकावून सांगितलं, "हा पार्व्हो आहे. पिसाळण्याशी याचा काही संबंध नाही. हा माणसाला होत नाही, गुरांनाही होत नाही."

पार्व्हो हा शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला. मागून समजलं, की माझ्या आईच्या लहानपणी हा रोग कुणाला ठाऊकच नव्हता. १९७८च्या सुमारास तो पहिल्यांदा ध्यानात आला, आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. मांजरांना होणाऱ्या एका रोगाचा विषाणू थोडा बदलला आणि कुत्र्यांत शिरला, असं शास्त्रज्ञ म्हणतात. तो आतड्याचं आतलं अस्तरच खरवडून काढतो. पोटात काही ठरत नाही, अंगातलं पाणी भराभर निघून जातं आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत संपतं. विषाणूला मारणारं औषध नाही. करायचं ते एवढंच, की सलाईन लावून अंगातलं पाणी टिकवायचं, उलटी थांबवायची, आणि फाटलेल्या आतड्यातून दुसरे जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून इंजेक्शनं द्यायची. पहिले तीन-चार दिवस निभावले तर पुष्कळ पिल्लं जगतात. आमची तीन गेली. चौथ्याला उलटी सुरू होताच नेलं होतं, ते जगलं. संक्रांतीच्या दिवसांत घरात आलं म्हणून त्याचं नाव तिळ्या.

मैत्रिणींनो, इथे घरकामातली एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच हातातली आहे. तिन्ही पिल्लं गेल्यावर मी ती सगळी जागा फिनाइलनं धुवायला काढली, तर डॉक्टर म्हणाले, फिनाइलवर भिस्त ठेवू नका. का, तर काही विषाणूंच्या अंगावर चरबीचं पातळ पांघरूण असतं आणि काहींच्या अंगावर नसतं. आपण तेलकट तवा साबणानं घासतो तेव्हा साबण तेलाला फोडतो ना? तसाच तो पांघरूणवाल्या विषाणूलाही फोडतो. रेबीजचा विषाणू त्या जातीचा. पार्व्होला हे पांघरूणच नाही! त्यामुळे साबण त्याचं फारसं वाकडं करत नाही, आणि तो मातीत, फटीत, चपलेच्या तळाला महिनोन् महिने तग धरून राहतो. त्याला कपड्यांचं ब्लीच लागतं. आधी घाण उचलून, पाण्यानं धुऊन काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. मग एक वाटी ब्लीचला तीस वाट्या पाणी या मापानं जागा ओली करायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनसुद्धा मिसळू नका, त्याचा विषारी वायू होतो. मातीची जमीन पुरती शुद्ध होत नाही ती नाहीच, म्हणून अशा अंगणात लस न टोचलेलं दुसरं पिल्लू वर्षभर तरी आणू नये.

"पण एवढी गुटगुटीत पिल्लं, आईचं दूध पीत होती, मग झालंच कसं?" सासूबाईंचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते आपल्या लेकरांच्या लसीच्या कार्डातच आहे. गोवराची लस बाळाला जन्मल्याबरोबर देत नाहीत, नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. बाळाच्या अंगात आईकडून आलेली शक्ती असते. ती आहे तोवर लस रुजत नाही, आणि ती ओसरली की बाळ उघडं पडतं. पिल्लांचंही तसंच. पहिल्या चिकाबरोबर आईची शक्ती त्यांना मिळते, ती दीड महिन्यापासून पुढे केव्हातरी ओसरते. प्रत्येकाची वेळ वेगळी. मधे काही दिवस असे येतात, की आईची शक्ती रोगाला अडवण्याइतकी उरलेली नसते, पण लसीला अडवण्याइतकी असते. म्हणून एका सुईवर भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, ती चार महिने पुरे होईपर्यंत. पुष्कळ लोक एक सुई देतात आणि मग "लस देऊनही कुत्रं मेलं" म्हणून लसीला बोल लावतात. ही एकत्रित लस असते. तीत पार्व्हो असतो, डिस्टेंपर असतो, आणि कुत्र्यांची विषाणूची कावीळही असते. या काविळीतून उठलेल्या कुत्र्याचा डोळा कधी कधी निळसर दुधाळ दिसतो, तेवढीच तिची खूण मला माहीत. आमच्याकडे ही लस बाहेरून विकत आणून डॉक्टरांकडून टोचून घ्यावी लागली. उमरग्याहून आणताना ती बर्फाच्या डब्यात आणायची. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

गोवराचं नाव काढलं ते उगीच नाही. डिस्टेंपर हा गोवराचाच भाऊबंद. इतका जवळचा, की एके काळी पिल्लांना डिस्टेंपरपासून वाचवायला गोवराची लस टोचत. १९०५ साली कारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं हा विषाणूचा रोग आहे असं दाखवलं. आणि तो फक्त कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ साली गुजरातेत गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत हाच विषाणू सापडला होता. गावातली कुत्री जंगलाच्या कडेपर्यंत जातात, तेव्हा रोग कुठून गेला असेल याचा अंदाज करणं अवघड नाही. ज्याला आपण गल्लीतलं कुत्रं म्हणून हाकलतो, त्याच्या रोगानं वनराजाला लोळवलं!

डिस्टेंपर मी पाहिला तो पलीकडच्या गल्लीत, एका पाळलेल्या कुत्र्यात. आधी ताप, खोकला, डोळे चिपडांनी चिकटलेले, नाकातून शेंबूड. घरच्यांना वाटलं सर्दी. आठ-दहा दिवसांत जरा बरं झालं, खायलाही लागलं. आणि दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी चघळत असल्यासारखा त्याचा जबडा हलायला लागला, तोंडाला फेस आला, एक पाय झोपेतसुद्धा ठरावीक ठेक्यात उडायला लागला. अर्थात गल्लीचा निकाल तयारच होता. पण मालक समजूतदार. त्यांनी कुत्र्याला जवळ न जाता पडवीत कोंडलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दुरून पाहून, सगळी हकिगत विचारून, तळपायांची कडक झालेली कातडी बघून सांगितलं की डिस्टेंपर मेंदूत गेलाय. त्या कुत्र्याला लस कधीच दिलेली नव्हती. ते काही वाचलं नाही, पण काठ्या खाऊन मेलं नाही एवढंच.

आता कुणी म्हणेल, मग झटके आले तर डिस्टेंपर आणि चावलं तर पिसाळलेलं, असं समजायचं का? तसं मुळीच नाही, आणि हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले. हे ओळखणं तुमचं-माझं काम नाही. डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगतात ते मेलेल्या जनावराचा मेंदू तपासल्यावर. पण आपल्या मनात पिसाळलेल्या कुत्र्याचं जे चित्र आहे, लाल डोळे, बाहेर आलेली जीभ, दिसेल त्याला चावत सुटलेलं, ते अर्धंच खरं आहे. दुसऱ्या अर्ध्यात कुत्रं भुंकत नाही, धावत नाही. अंधारात जाऊन बसतं. खालचा जबडा लुळा पडतो, तोंड उघडं राहतं, लाळ गळते, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. आणि मायाळू माणूस काय करतो? तोंडात हात घालून हाड काढायला बघतो. हाताला एखादी चीर असली, साधी विळीवर कापलेली, तरी लाळेतला विषाणू आत जायला तेवढी वाट पुरते.

आणखी एक खुळी समजूत सासूबाईंची होती, आणि त्यांच्याच का, साऱ्या गावाची आहे. "पाणी पितंय ना? मग ते पिसाळलेलं न्हाई." पाण्याची ती भीती माणसाला रेबीज झाला तर होते, कुत्र्याला नाही. पिसाळलेलं कुत्रं नाल्यात तोंड घालतं, पोहूनसुद्धा जातं.

सासूबाईंना हे पटवताना मला त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट कळली. त्याला लहानपणी कुत्रं चावलं होतं. तेव्हा लोहारा उमरगा तालुक्यात होतं. वडील त्याला रोज उमरग्याला न्यायचे, चौदा दिवस, आणि बेंबीच्या भोवती रोज एक सुई. पोट टरारून यायचं, म्हणे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला ती १९११ साली तयार केली आणि पुढे नव्वदएक वर्षं आपल्या देशात तीच चालली. २००४ साली ती बंद झाली. आता सुया दंडात घेतात. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत टोचतात, त्या पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पण ती जुनी चौदा सुयांची दहशत अजून घराघरांत जिवंत आहे. आणि तिचे परिणाम मला माझ्या वर्गात दिसले.

तिळ्याची गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मी सहज विचारलं, कुणाकुणाला कधी कुत्रं चावलंय, ओरबाडलंय? नऊ हात वर झाले. मग विचारलं, यांतल्या किती जणांनी घरी सांगितलं? पाच हात राहिले. चौघांनी सांगितलंच नव्हतं! कारण काय, तर "आई मारते", "कुत्र्याच्या नादी कशाला लागला म्हणते", "बेंबीत चौदा इंजेक्शनं देतात". एका मुलाची जखम तर चारच दिवसांपूर्वीची, पोटरीवर, त्यावर कुणीतरी मोठ्या भावानं चुना-तिखट भरलेलं. शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. त्याची आई शेतातून नुकतीच आली होती. तिनं ऐकून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि तशीच निघाली. सरकारी दवाखान्यात जखम पुन्हा धुतली, जखमेत सीरमची सुई दिली, दंडात लस दिली. चार दिवस झाले म्हणून उशीर झाला असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, लक्षणं दिसायच्या आत केव्हाही सुरू करावी असं म्हणाले. त्या बाईनं चारही फेऱ्या मजुरी बुडवून पुऱ्या केल्या. मुलाला ती एक शब्द बोलली नाही, हे मला विशेष वाटलं.

लक्षणं दिसायच्या आत, हे तीन-चार शब्दच सगळं आहेत. चावल्यावर विषाणू नसांच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे चालत जातो. बहुधा महिना ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. तो पोचायच्या आत लस पोचली तर माणूस वाचतो. एकदा का पाण्याची, वाऱ्याची भीती सुरू झाली, की जगातला कोणताही डॉक्टर जवळजवळ हतबल असतो. लेकरं बुटकी, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीची, म्हणून त्यांना चावा तोंडावर, मानेवर, हातावर बसतो आणि तिथून मेंदू जवळ. तेव्हा लेकरू चावा दाखवायला आलं तर आधी रागवायचं नाही. रागवायचंच असलं तर अठ्ठाविसाव्या दिवसानंतर रागवा!

करायचं काय ते अवघड नाही. नळाखाली किंवा तांब्यानं धार धरून साबण लावून घड्याळात बघून पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं फार वाटतात, पोर ओरडतं, तरी धुवायची. मघाशी तव्याचं सांगितलं ते इथे कामाला येतं, हा विषाणू साबणाला भितो. हळद, तिखट, चुना, तेल काही भरायचं नाही. घट्ट बांधायचं नाही, टाके घालायची घाई करायची नाही. आणि लगेच दवाखाना. कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण दहा दिवस वाट बघून मग सुई, असं नाही. सुई आजच. दिवस गेलेल्या बाईलाही ही लस चालते, हे मुद्दाम सांगते, कारण "पोटात बाळ आहे, सुई नको" असं म्हणणाऱ्या सासवा मी ऐकल्या आहेत.

आमच्याकडे दुभत्याचा प्रश्नही निघतो. म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध ज्याच्या ज्याच्या घरी जात होतं ती सगळी घरं घाबरून दवाखान्यात रांग लावतात. उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही. आपल्याकडे दूध न उकळता पितं कोण? धोका असतो तो त्या म्हशीच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्याला.

राहिला प्रश्न काठीचा. कुत्री मारून रोग संपत नाही, हे आपल्या मुंबईनं फार पूर्वी बघितलं आहे. १८३२ साली इंग्रज सरकारनं मोकाट कुत्री मारायला बक्षीस लावलं, पारशी मंडळी चिडून रस्त्यावर आली, बाजार बंद पडला. त्यानंतर किती वर्षं किती कुत्री मारली असतील कोण जाणे, कुत्री आहेत तिथेच आहेत. एक मेलं की त्याच्या जागी बाहेरचं, लस न दिलेलं येतं. शेजारच्या गोव्यानं दुसरी वाट धरली. २०१४पासून तिथल्या सरकारनं मिशन रेबीज या संस्थेबरोबर वर्षाला हजारोंनी कुत्री जाळ्यात धरून लस टोचून सोडली. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असा हिशेब आहे. २०१८पासून पुढे काही वर्षं गोव्यात रेबीजनं एकही माणूस दगावला नाही. आमच्या एका गल्लीत मोजून अकरा कुत्री आहेत. म्हणजे आठ झाली की काम झालं.

तसं मी शेजारच्या मावशींना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "आधी तुमच्या तिळ्याचं बघा." बरोबर होतं. पार्व्होतून उठल्यामुळे त्याला पार्व्होची धास्ती आता फारशी नाही, पण डिस्टेंपरची आहे आणि रेबीजची तर आहेच. रेबीजची सुई पिल्लाला तिसऱ्या महिन्यानंतर देतात, महिन्यानं पुन्हा एक, मग दर वर्षी. लसीची किंमत ऐकून ह्यांनी भुवया उंचावल्या, पण खोके उघडून ठेवले तेव्हा बर्फ त्यांनीच आणला. गल्लीच्या कुत्रीलाही, म्हणजे तिळ्याच्या आईला, त्याच दिवशी टोचून घेतलं. तिला धरायला सासूबाईच लागल्या, दुसऱ्या कुणाला ती जवळ येऊ देत नाही. अकरांतल्या दोन झाल्या.

तारखा सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाखाली लिहून घेतल्या आहेत. पुढची सुई नेमकी चतुर्थीला येते. त्या दिवशी त्यांचा उपास, म्हणून डॉक्टरांनी सकाळीच यावं असा त्यांचा निरोप आहे. ऊन चढल्यावर कुत्रीला धरून ठेवायला अंगात ताकद राहत नाही, म्हणतात.